जानेवारीचा मानकरी

"खेळ खोटा असेल तर बक्षीसही खोटंच ठेवावं," असं माझ्या सासूबाई, भिमाबाई, मला म्हणाल्या होत्या. मी त्या वेळी स्टोव्हची पिन शोधत होते. शिवाय मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली आणि त्या चौथी पास. या दोन्ही कारणांमुळे मी "हो आई, बघू" म्हणून ते वाक्य बाजूला सारलं. पुढे जे झालं ते पाहता अर्थशास्त्राऐवजी मी चौथीच दोनदा केली असती तर बरं झालं असतं.

गोष्ट एकोणनव्वदच्या दिवाळीनंतरची. आमचे हे, म्हणजे बबनराव, आणि त्यांचे तीन मित्र अंबरनाथच्या कारखान्यात लागले तेव्हा वसाहतीच्या मैदानावर हॉकी खेळायचे. पस्तिशी आली, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा चौघांनी हॉकी मैदानावरून उचलली आणि माझ्या बाहेरच्या खोलीत, कागदावर आणली. मुंबईत पोलीस, बँका, सरकारी खाती अशा संघांची लीग चालायची. त्या सगळ्या खेळाडूंची नावं चिठ्ठ्यांवर लिहून चटईवर पसरायची, प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक उचलून आपला अकरा जणांचा संघ करायचा, आणि मग रोज पेपरात निकाल बघून आपल्या खेळाडूने गोल केला की आपल्याला पाच गुण.

क्रिकेट का नाही, असं मी विचारलं होतं. त्यावर हरिचंद्र मास्तर म्हणाले, "वहिनी, क्रिकेटमधलं सगळ्यांनाच कळतं. म्हणून भांडण मिटत नाही. हॉकीमधलं कुणाला काही कळत नाही." मास्तर कारखान्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि नियम म्हटला की त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. दुसरे महिपती. राहायला उल्हासनगरात, कामाला डिस्पॅचमध्ये, आणि जीभ अशी की समोरचा माणूस पार्सल करून परत पाठवायचे. तिसरे दौलतराव, जांभूळ गावचे. सुट्टीच्या दिवशी शेती, बाकी दिवशी कारखाना, आणि बोलणं दिवसाला साधारण चार वाक्यं.

गुण मांडायला कोण, हा प्रश्न आला तेव्हा चौघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

"तू घरीच तर असतेस," हे म्हणाले.

घरीच असते. दीड वर्षाची प्रज्ञा, जी बटण, खडू, झुरळ यांत काही भेदभाव न करता सगळं तोंडात घालते. जिन्याला कठडा नाही. पाणी एक दिवसाआड येतं आणि मी ते दोनदा उकळते, कारण एकदा उकळल्यावर मला झोप लागत नाही. याला घरी असणं म्हणतात. पण अक्षर चांगलं असलेल्या बाईला नाही म्हणता येत नाही. मी दोनशे पानी वही घेतली, समास आखले आणि कामाला लागले.

पहिल्याच दिवशी प्रज्ञाने एक चिठ्ठी चावली. सगळ्यांचे दहा-दहा खेळाडू निवडून झाले होते. तिघांनी राहिलेल्यांतले कोरडे खेळाडू उचलले आणि दौलतरावांच्या वाट्याला ती ओली चिठ्ठी आली. त्यांनी ती उजेडात धरून वाचली. म्हसकर, गोलकीपर, एका सरकारी खात्याचा संघ.

"आपल्याकडलं आडनाव हाय," दौलतराव म्हणाले. "राहू दे." त्या दिवसाची दोन वाक्यं त्यात संपली.

दर महिन्याच्या शेवटी 'महिन्याचा मानकरी' निवडायचा, ही कल्पना यांची. ज्या खेळाडूचे गुण सगळ्यांत जास्त तो मानकरी, आणि तो ज्याच्या संघात असेल त्या मित्राला नारळ नि हार. नोव्हेंबरचा मान महिपतींच्या सेंटर फॉरवर्डला गेला. महिपती तो हार घालून पायी स्टेशनपर्यंत गेले. वाटेत दोघांनी त्यांना नगरसेवक झाल्याबद्दल शुभेच्छा दिल्या आणि त्यांनी त्या घेतल्या.

मास्तरांना ते सहन होईना. "पराक्रम त्या पोराचा आणि हार तुमच्या गळ्यात? हे नैतिकदृष्ट्या बसत नाही."

"मग काय, हार घेऊन मैदानात जाऊ?"

"निदान त्याला कळवायला तरी पाहिजे."

झाला ठराव. मानकरी ठरलेल्या खेळाडूला त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर अभिनंदनाचं पत्र धाडायचं. लिहिणार अर्थात घरीच असणारी व्यक्ती.

इकडे दौलतराव दोन्ही महिने तळाला. त्यांचा म्हसकर गोल कुठून करणार? पेपरवाले गोल करणाऱ्यांची नावं छापतात. अडवणाऱ्याचं नाव छापायला जागा नसते, कारण खाली बाजारभाव असतात. हे माझ्या मनाला फार लागलं. आता विचार करते तर वाटतं, मला दौलतरावांपेक्षा स्वतःचाच कळवळा आला असावा. प्रज्ञा आज जिन्यावरून पडली नाही, ही बातमी कोण छापतो? दिवसभर काही होऊ न देणं हेच ज्याचं काम, त्याला गुण देण्याची सोय कुठल्याच वहीत नसते. मी माझ्या वहीत केली. ज्या सामन्यात गोल खाल्ला नाही त्याचे गोलकीपरला दहा गुण, आणि दर गोलामागे दोन वजा.

"वहिनी, हा नियम कुठं सुचला? रॉकेलच्या रांगेत?" महिपतींनी विचारलं.

"हो. तिथेही मध्ये घुसू न देणाऱ्या माणसाचीच गरज असते."

महिपती त्या रांगेत नेहमी मध्ये घुसायचे, त्यामुळे विषय तिथेच मिटला. आणि जानेवारी संपला तेव्हा वहीत सगळ्यांत वर नाव होतं गोलकीपर म्हसकरचं. पाच सामने, एकूण खाल्लेला गोल एक. दौलतरावांना मी हे सांगितलं तेव्हा ते चटईवरून उठले, बाहेर जाऊन चूळ भरून आले आणि पुन्हा बसले. त्यांच्याकडे भावना व्यक्त करायची पद्धत तशी आहे.

मी पत्र लिहिलं. इथे माझं शिक्षण आडवं आलं. 'अभिनंदन, छान खेळलात' एवढ्यावर भागलं असतं, पण मी लिहिलं, 'अंबरनाथ-बदलापूर हॉकी लीगतर्फे जानेवारी महिन्याचा मानकरी म्हणून आपली सर्वानुमते निवड करण्यात आली असून पुरस्कार वितरण समारंभ यथावकाश आयोजित करण्यात येईल.' ऑफिसच्या भाषेत यथावकाश म्हणजे कधीच नाही, असं मी धरून चालले होते. डिसेंबरच्या मानकऱ्यालाही मी हेच वाक्य पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही, म्हणून माझी भीड चेपली होती.

आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. 'आपले पत्र मिळाले. मी वांगणीजवळचाच. येत्या अठरा तारखेच्या रविवारी मी व माझी आई पुरस्कार घेण्यास हजर राहू. गावची काही मंडळीही येऊ म्हणतात. आपला, रघु म्हसकर.'

मी ते कार्ड तीनदा वाचलं, मग प्रज्ञाच्या हातातून काढून घेऊन चौथ्यांदा वाचलं.

"आता खरं लिहून टाका," यांना मी म्हणाले, "की ही गंमत होती."

"मी कसं लिहू? पत्र तुझ्या अक्षरात आहे."

संसारात जबाबदारी अक्षरावरून ठरते, हे मुलींना कॉलेजात शिकवायला हवं.

शेजारच्या राजाबाईंना भिंतीतून सगळं ऐकू जातं. त्यांचे यजमान बिल्डिंगचे सेक्रेटरी. त्या वाटी मागायच्या निमित्ताने आल्या आणि बसल्या. "घाबरू नका. आमच्या भाच्याच्या लग्नात मुलीकडचे चुकून एक दिवस आधी आले होते. आम्ही लग्नच एक दिवस आधी लावलं. समारंभ करून टाका. गच्ची आहे की." मग वाटी घेऊन उठताना, "अर्ज मात्र द्यावा लागेल." अर्ज दिला. तो परत आला, कारण त्यावर संस्थेचा शिक्का नव्हता. शिक्का नसलेल्या संस्थेला गच्ची देता येत नाही, उद्या कुणीही येऊन पापड वाळत घालेल, असं सेक्रेटरींचं म्हणणं पडलं. गच्चीवर तेव्हाही त्यांच्याच घरचे पापड वाळत होते.

म्हणून महिपतींना घेऊन, प्रज्ञाला काखोटीला मारून, मी उल्हासनगरला गेले. आधी कप, मग शिक्का. टेकचंद शेठच्या दुकानात फळीवर कप नुसते रचलेले होते. प्रत्येकावर एक छोटा पितळी माणूस.

"हॉकी का नहीं आता, बेटी," टेकचंद म्हणाले. "क्रिकेट ले जाओ."

"पण आमचा गोलकीपर आहे."

त्यांनी बॅट्समनवाला कप उचलला. "ये देखो. पैड पहना है?"

"आहे."

"दस्ताने पहना है?"

"आहेत."

"तो फिर गोलकीपर ही हुआ ना. खाली बैट को मोड़ना पड़ेगा." आणि त्यांनी आतल्या कारागिराकडून पकडीने त्या बॅटला खालून असा बाक दिला की हॉकीच्या काठीलाही लाज वाटावी. महिपतींनी मान डोलावली. "वहिनी, आपली लीग जशी आहे, तसाच कप मिळाला."

शिक्केवाला टेकचंद शेठचाच मेहुणा, शेजारच्या गाळ्यात. त्याला शिक्क्याच्या गोलात रिकामी जागा दिसायला नको होती. "रजिस्टर नंबर डालूं?" असं त्याने चहा विचारावा तसं विचारलं.  खोटा नंबर, चौकशी, यांची नोकरी, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी म्हटलं, नंबर नको, उलट नावापुढे कंसात 'कागदी' असं घाला. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर आम्ही फसवलं नाही. त्याने ते घातलं, पण इतकं बारीक की पहिल्याच ठशाला ते अक्षर शाईने भरून गेलं आणि तिथे नुसता एक डास मेल्यासारखा दिसायला लागला. माझा प्रामाणिकपणा त्या डासात होता.

शनिवारी सकाळी बघते तर कपावरच्या माणसाच्या हातातली काठी नाही. प्रज्ञा खाली बसून काहीतरी चघळतेय. मी तिच्या तोंडात बोट घातलं, तिने ते चावलं, तोंडात काही नव्हतं. म्हणजे गिळली. त्यानंतरचा तासभर मी कशी होते ते मला नीट आठवत नाही. राजाबाईंनी केळी भरवायला सांगितलं, त्यांच्या यजमानांनी उलटं धरायला सांगितलं, हे सायकल काढायला धावले आणि किल्ली विसरले. बिल्डिंगखालच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं, एक्स-रे काढा म्हणाले. तेवढ्यात सासूबाई जिना उतरून तिथे आल्या आणि लांबूनच हात वर करून म्हणाल्या, "ही शोधताय का?" सकाळची बुद्धवंदना आटोपल्यावर त्यांना फळीवर ती काठी जरा हलताना दिसली, म्हणून त्यांनी ती काढून घेतली होती. "कान कोरायला बरी पडली," त्या म्हणाल्या. प्रज्ञा चघळत होती ती वालाची शेंग. काठी मी धुऊन, दोनदा उकळून, डिंकाने चिकटवली.

रविवारी मी ठरवून टाकलं होतं की पाहुणे आले की आधी त्यांना बाजूला घेऊन खरं सांगायचं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. पाच वाजता टेम्पो आला आणि त्यातून वांगणीकडची वीसेक माणसं उतरली. सगळ्यांत पुढे एक ठेंगणी, काटक बाई, कोऱ्या लुगड्यात, डोक्यावर शेंगांची पाटी. वेणूबाई, रघुची आई. मागे रघु. खांद्यांनी रुंद, मान खाली, वय असेल पंचवीस. बघून वाटलं, याला कुणी उभं राहा म्हटलं तर तो संध्याकाळपर्यंत उभा राहील.

"ती पत्र लिवणारी बाय तूच का?" वेणूबाईंनी पाटी माझ्या पायाशी ठेवली. "तुझं पत्र मी चार घरांत वाचून घेतलं. ह्याचं नाव पेपरात कवा येतं ठाव हाय? गोल झाला की. 'म्हसकरला चकवून.' सात वरसांत आमी तेवढंच ऐकलं. चकवून, चकवून."

माझं पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं.

गच्चीवर समारंभ झाला. पापड एका बाजूला सारले होते. मास्तरांनी भूगोलाच्या तासासारखं भाषण केलं, त्यात उल्हास नदीही आली. यांनी शाल दिली. कप द्यायला दौलतराव उठले. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ते खरोखरच दोन शब्द बोलले. "माझा गोलकीपर." आणि खाली बसले. लोकांना ते फार आवडलं. मी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र दिलं.

चहाच्या वेळी रघु माझ्याजवळ आला. "ताई, ह्या कागदाचा फार उपयोग होणारेय. मी सात वर्षं टेम्पररी आहे. मार्चअखेर तिघांना कायम करणार, आम्ही आहोत पाच. फॉर्मवर रकानाच आहे, बाहेरच्या संस्थेचा पुरस्कार. माझा तो कोराच होता."

मी कपबशी खाली ठेवली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात प्रज्ञा गच्चीच्या पाण्याच्या टाकीकडे निघाली आणि मी तिच्यामागे धावले. परत आले तर टेम्पो सुटला होता. मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होते की मी सांगणारच होते. टाकीला झाकण होतं, हे मात्र मला आधीपासून माहीत होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाकीट आलं. रघुच्या खात्याच्या कल्याणच्या कार्यालयातून. 'श्री. म्हसकर यांनी सादर केलेल्या प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी कळवावे: एक, आपल्या लीगमधील संघांची संख्या व मैदानाचा पत्ता. दोन, श्री. म्हसकर आपल्या लीगमध्ये किती सामने खेळले. तीन, शिक्क्यातील कंसातील शब्द वाचता येत नाही, तो कोणता.'

चौघे मित्र चटईवर बसले. पाकीट चिठ्ठ्यांच्या जागी मधोमध ठेवलं होतं.

"मैदान वसाहतीचं सांगू," महिपती म्हणाले. "सामने वीस लिहा. कोण मोजायला येतंय?"

"मी खोटं लिहिणार नाही," मी म्हणाले.

"मग लीग बरखास्त झाली असं कळवू," मास्तर म्हणाले. "ठराव मी करतो, मागची तारीख टाकून."

"हे खोटंच झालं, मास्तर."

"ठराव खोटा नसतो, वहिनी. तारीख असते."

हे पाकीट पुन्हा पुन्हा उलटत होते. मग हळूच म्हणाले, "मीनल, त्या शिक्क्याच्या पावतीवर माझं नाव आहे. कारखान्यात कळलं तर."

दौलतराव बोलले ते सगळ्यांत शेवटी. "आपलं काय व्हायचं ते होऊ दे. पोराचं काय?"

तेच होतं. खरं लिहिलं तर खोटं प्रमाणपत्र दिलं म्हणून रघुची सात वर्षं वाहून जाणार. खोटं लिहिलं आणि पकडलं गेलं, तरी वाहून जाणार. आणि हे सगळं माझ्या एका सुंदर वाक्यामुळे. त्या दिवशी भाजीत मी मीठ दोनदा घातलं आणि कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वही पिशवीत टाकली, प्रज्ञाला घेतलं आणि कल्याणला गेले. कार्यालयाच्या व्हरांड्यातच रघु भेटला, फायली नेत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि एका दमात सगळं सांगितलं. चटई, चिठ्ठ्या, यथावकाश, सगळं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"म्हणजे मला शेवटचा घेतला?" त्याने विचारलं.

"चिठ्ठी ओली होती."

त्याने हात पुढे केला. मी वही दिली. तो उभ्याउभ्या पानं उलटत गेला, एका ठिकाणी थांबला. "ताई, ही सात डिसेंबरची मॅच. हे दोन गोल माझे नाहीत. मला ताप होता, दुसरा गोलकीपर होता."

एवढंच म्हणाला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

साहेब चष्मा कपाळावर चढवून बसले होते. मी सांगितलं, "लीग नाही. संघ चार आहेत, पण ते आमच्या चटईवर आहेत. कंसातला शब्द 'कागदी' आहे. रघु म्हसकर आमच्याकडे एकही सामना खेळलेले नाहीत. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, पत्र माझं होतं."

"मग बाई, तुम्ही पुरस्कार कशाचा दिलात?"

मी वही टेबलावर ठेवली. "तुमच्या सामन्यांचा."

साहेबांनी चष्मा खाली घेतला. नोव्हेंबरपासूनचे त्यांच्या संघाचे चौदा सामने, तारीखवार, समोर पेपरची कात्रणं डिंकाने चिकटवलेली. आठ सामन्यांत एकही गोल नाही. एकूण खाल्लेले नऊ. "त्यातले दोन कमी करा, सात डिसेंबरचे," मी म्हणाले. "त्या दिवशी ते आजारी होते." साहेबांनी घंटी वाजवून क्लार्ककडून हजेरी मागवली. सात डिसेंबर, आजारपणाची रजा. बरोबर निघालं. मग त्यांनी खात्याचं क्रीडा रजिस्टर मागवलं. त्यात फक्त गोल करणाऱ्यांची यादी होती. दोन पानं कॅरमची होती.

"बावीस डिसेंबर," साहेब पुटपुटले. "शून्य-शून्य. मी होतो त्या दिवशी मैदानावर. मला वाटलं होतं आपण रडतखडत सुटलो."

"सुटलातच. पण सोडवलं कुणीतरी."

ते बराच वेळ वही बघत राहिले. मधे प्रज्ञाने त्यांचा टाचण्यांचा डबा ओढला, तो मी न बघताच काढून घेतला. शेवटी ते म्हणाले, "पुरस्काराचा रकाना मी कापतो. तो धरता येणार नाही." मी वही ओढून घ्यायला हात पुढे केला. "पण त्याखाली कामगिरीचा तपशील असा रकाना आहे. तो पाचही जणांचा कोरा आहे, कारण आमच्याकडे तपशीलच नाही. वही ठेवून जा."

"ठेवता येणार नाही," मी म्हणाले. "फेब्रुवारीचा मानकरी अजून काढायचाय."

तेव्हा क्लार्कने माझ्यासमोर बसून चौदाच्या चौदा सामने उतरवून घेतले. मी निघताना साहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, "तुमच्या त्या चटईवर पाचवा संघ बसेल का हो?"

एकतीस मार्चला रघु कायम झाला. वेणूबाईंनी स्वतः येऊन सांगितलं, पुन्हा पाटीभर शेंगा घेऊन, जरी शेंगांचा हंगाम सरला होता आणि त्या कुठून आणल्या ते त्यांनी सांगितलं नाही. महिपतींनी कबूल केलं की नियम बरा होता. बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी शिक्क्याची एक प्रत फाईलला लावून घेतली.

पण टेम्पररी माणसाची बदली करता येत नाही. कायम झालेल्याची करता येते. जूनमध्ये रघुला चंद्रपूरला पाठवलं. तिकडे तो खेळतो, कायम आहे, पगार वेळेवर येतो, आणि आई इथे एकटी. चंद्रपूरला चला म्हटलं तर त्या म्हणतात, म्हशीला कुठं ठेवू. रघुची पत्रं माझ्या पत्त्यावर येतात. दर गुरुवारी वेणूबाई यायच्या, मी वाचून दाखवायचे, उत्तर लिहायचे, आणि त्यांची रक्तदाबाची गोळी चालू आहे की नाही ते बघायचे. त्या गोळ्यांच्या बाबतीत वेणूबाई प्रामाणिक नाहीत. बरं वाटलं की सोडतात.

आता मला दुसऱ्या वेळेला दिवस गेलेत, आणि डॉक्टरांनी जिना उतरायला बंदी केलीय. गेले दोन गुरुवार वेणूबाई आलेल्या नाहीत. दौलतराव बघून येतो म्हणाले, पण त्यांची भाताची लावणी चालू आहे. यांना पाठवलं तर ते चुकीच्या घरात चहा पिऊन आले. बहुतेक काही नसेल. म्हैस व्यायली असेल.

तरी तुमच्यापैकी कुणी वांगणीला उतरणार असेल, तर स्टेशनच्या पूर्वेला वीसेक मिनिटं चाला. ओढ्यापलीकडे शेवग्याचं झाड असलेलं एकच घर आहे. म्हसकरांचं म्हणून विचारलंत तर कुणीही दाखवेल. मीनलने पाठवलंय म्हणा, रघुचं पत्र आलंय, तो बरा आहे म्हणा. आणि सकाळची गोळी घेतली का ते विचारा. त्या 'घेतली' म्हणतील. तेवढ्यावर उठू नका. पाकीट दाखवा म्हणा, आणि किती गोळ्या उरल्यात ते बघून मला एक कार्ड टाका.